करमरीला फुलं येतात, पण फळ धरत नाही : नेमकं कुठे अडतं?

दर खेपेला तेच होतं. करमरीच्या, म्हणजे स्टारफ्रूटच्या, फांद्यांवर गुलाबी-जांभळ्या फुलांचे झुबके लगडतात, आठ-दहा दिवस झाड देखणं दिसतं आणि मग एका सकाळी खाली फुलांचा सडा पडलेला असतो. वर्षातून दोन-तीनदा हा सोहळा होतो, फळ मात्र एखाद-दुसरं. दुकानात विचारलं की फुलगळीवरचं टॉनिक हातात ठेवतात. ते मारूनही पुढच्या खेपेला पुन्हा सडा.

फुलगळ हे लक्षण आहे, रोग नव्हे. झाड चार ठिकाणी अडू शकतं : फूलच येत नाही, फूल येतं पण कोरडं गळतं, फळ धरतं पण बोटाएवढं होऊन पडतं, किंवा पिकत आल्यावर सडतं. चारही ठिकाणची कारणं वेगळी असल्यामुळे औषध आणण्याआधी झाडाखाली काय पडलंय ते वाकून बघा. नुसत्या वाळक्या फुलांचा कचरा असेल तर परागीकरण, वारा किंवा पाणी. देठासकट हिरवी फळं असतील तर पाणी किंवा झाडाची ताकद. पिवळट मऊ फळं असतील तर फळमाशी.

आणि थोडी गळ तर होणारच. एका झुबक्यात वीस-पंचवीस फुलं असतात, त्यातून दोन-तीन फळं टिकली तरी पुष्कळ. सगळीच फुलं धरली असती तर फांद्या मोडल्या असत्या.

आधी झाड कोणतं आहे ते पाहा

नर्सरीत स्टारफ्रूट, हिंदीत कमरख, आपल्याकडे करमर, कोकण-गोव्याकडे करंबळ. पोर्तुगीजांचा कारांबोला हा शब्द याच करंबळावरून गेला आणि पुढे जगभर पसरला. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ताने १५६३ साली गोव्यात छापलेल्या ग्रंथातही या फळाची चर्चा आहे. काही भागांत याला करमळ म्हणतात, पण आपल्या जंगलातला मोठ्या पानांचा, पिवळ्या फुलांचा करमळ हा अगदी वेगळा वृक्ष. तो मागून आणला तर पाचधारी फळ कधीच दिसणार नाही. बिलिंबी या करमरीच्याच भावकीतल्या आंबट फळझाडाची रोपंही करमर म्हणून गळ्यात पडतात. पानं मोजली की उलगडा होतो : करमरीच्या एका देठावर साधारण ५ ते ११ पर्णिका असतात, बिलिंबीच्या देठावर त्याच्या कितीतरी जास्त, लांबट आणि फांदीच्या टोकाशी गोळा झालेल्या.

रोप बियांचं असेल तर चार ते सहा वर्षं, कधी त्याहून जास्त थांबावं लागतं आणि फळ आंबट निघण्याची शक्यता मोठी. कलम चांगलं जोमदार असेल तर जमिनीत लावल्यावर वर्ष-दीड वर्षात फुलतं. पहिली फुलं खुडून टाकावीत, नाहीतर खोड पोसत नाही.

कलम लावूनही तीन-चार वर्षं काही नाही, अशी तक्रार असेल तर खोडाकडे बघा. कलमाचा सांधा जमिनीपासून वीत-दीड वीत वर असतो. त्याच्या खालून फुटलेली फांदी म्हणजे खुंटाची, ज्या बियांच्या रोपावर कलम बांधलं त्याची, फूट. ती वरच्या कलमापेक्षा जोरात वाढते आणि दोन वर्षांत झाड ताब्यात घेते. पानं सारखीच दिसत असल्यामुळे हे लक्षातही येत नाही. सांध्याखालची प्रत्येक फूट खोडालगत काढून टाका. वरचं कलम मेलंच असेल तर आता तुमच्याकडे आहे ते बियांचंच झाड, त्याच हिशेबाने वाट पाहायची.

फुलं दोन जातींची असतात

इथे बहुतेकांचं घोडं अडतं. करमरीचं फूल जेमतेम सेंटिमीटरभर. त्यात पाच परागवाहिन्या (टोकावर पराग झेलणाऱ्या बारीक दांड्या) आणि दहा पुंकेसर, पण त्यातल्या साधारण पाचांवरच परागकोश असतात. काही झाडांच्या फुलांत परागवाहिन्या लांब असतात, काहींत आखूड. एका झाडावर सगळी फुलं एकाच प्रकारची. पुष्कळ झाडांना स्वतःच्या किंवा आपल्याच प्रकारच्या फुलाचे पराग चालत नाहीत. लांबला आखूड हवं, आखूडला लांब. म्हणून एकाच कलमाची दोन झाडं शेजारी लावून काही साधत नाही. ती एकाच झाडाच्या दोन फांद्या समजा.

तपासणी सोपी आहे. सकाळी नुकतंच उमललेलं फूल तोडा, पाकळ्या अलगद सोलून काढा आणि भिंगातून किंवा मोबाईलचा कॅमेरा जवळ नेऊन बघा. पाच बारीक टोकं पुंकेसरांच्या वर, फुलाच्या तोंडाशी आलेली दिसली तर झाड लांब प्रकारचं. तोंडाशी परागकोश आणि टोकं खाली दडलेली असली तर आखूड. पाच-सहा फुलं तपासली की खात्री होते.

फ्लोरिडात निवडलेली ‘आर्किन’ ही जात एकटीही बऱ्यापैकी फळते, म्हणून एकाच झाडापुरती जागा असेल तर तिचं कलम बघावं. पण रोपाला अडकवलेल्या चिठ्ठीवर फार विसंबू नका. फळ लागलेलं मातृवृक्ष दाखवणारी नर्सरी मिळाली तर दोन पैसे जास्त द्या.

एकटं झाड दर वेळी फुलून रितं होत असेल तर हाताने परागीकरण करून पाहा. दोन झुबक्यांवर केलेला हा प्रयोग तीन महिन्यांच्या फवारण्यांपेक्षा जास्त सांगून जातो. शेजारपाजारच्या दुसऱ्या प्रकारच्या झाडाची ताजी फुलं सकाळी डबीत आणा, त्याच दिवशी वापरा. आखूड प्रकारच्या फुलाच्या पाकळ्या काढल्या की परागकोश वर येतात. ते फूल चिमट्यात धरून लांब प्रकारच्या फुलाच्या पाच टोकांवर हलकेच टेकवा. एका फुलाने तीन-चार फुलं होतात. चित्रकलेचा शून्य नंबरचा ब्रशही चालेल. उलट दिशेने करायचं झालं, म्हणजे तुमचं झाड आखूड प्रकारचं असलं, तर टोकं आत खोल असल्यामुळे ब्रश नीट पोचत नाही आणि यश कमी येतं. त्या फुलाच्या पाकळ्या आधी काढून घ्याव्या लागतात. वेळ साधारण ९ ते ११. केलेल्या झुबक्याला रंगीत दोरा बांधा. आठ-दहा दिवसांत पाकळ्या झडून मधला हिरवा दाणा फुगलेला दिसला तर समजा जोडीदाराचीच उणीव होती.

कायमचा उपाय म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या झाडाची काडी आणून याच झाडाच्या एका फांदीवर पाचर कलम करणं. जागा लागत नाही, मधमाशीलाही लांब जावं लागत नाही. मात्र त्या फांदीला खूण करून ठेवा, नाहीतर पुढच्या छाटणीत नेमकी तीच जाते.

मधमाशी पोचते का, हेही बघायचं. पक्ष्यांसाठी लावलेली बारीक जाळी, गॅलरीला ठोकलेली डासांची जाळी यातून मधमाशी येत नाही. फुलोऱ्यात कीटकनाशक मारलं तरी तेच. कडुनिंबाचं तेलसुद्धा फुलोरा संपेपर्यंत बाजूला ठेवा. कोकणात जून-जुलैची फुलं पावसात धुऊन जातात, त्यांचं दुःख करू नये. पाऊस ओसरल्यावर येणाऱ्या फुलोऱ्याकडे लक्ष द्यावं.

घाटावरची अडचण : चुना

कोकणातल्या जांभ्या मातीत करमर सहज होते, कारण माती आम्लधर्मी. या झाडाला मातीचा सामू (पीएच) ५.५ ते ६.५ मानवतो. घाटावर, मराठवाड्यात, विदर्भात काळी चुनखडीयुक्त जमीन आणि त्यावर बोअरचं जड पाणी, म्हणजे सामू आठच्या वर. लोह, जस्त, मँगनीज मातीत असूनही झाडाला घेता येत नाहीत. कोवळी पानं पिवळी पडतात आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या राहतात. असं झाड फुलतं, पण फळ पोसण्याइतकं अन्न त्याच्याजवळ नसतं. ती फुलं गळतात किंवा बोटभर फळं पडतात. जुनी, खालची पानं सरसकट पिवळी पडत असतील तर ते वेगळं : तिथे नत्राची कमतरता किंवा मुळाशी साचलेलं पाणी शोधा.

चुना आहे का, हे पाहायला कोरड्या मातीच्या ढेकळावर व्हिनेगर ओता. फसफसून फेस आला तर मोकळा चुना भरपूर आहे. अशा जमिनीत लोहासाठी हिराकस (फेरस सल्फेट) टाकणं म्हणजे पैसे मातीत घालणं. काही दिवसांत ते लोह पुन्हा अडकून बसतं. चिलेटेड लोह, म्हणजे मातीत अडकू नये म्हणून दुसऱ्या द्रव्यात बांधलेलं लोह, घेतानाही पाकीट वाचा. ईडीटीए प्रकारचं लोह आम्ल मातीत चालतं, चुनखडीत टिकत नाही. ईडीडीएचए प्रकार घ्या. तो महाग आहे, पण काम तोच करतो. लहान झाडाला १० ते १५ ग्रॅम, पाच वर्षांच्या झाडाला ३० ते ४० ग्रॅम, १० लिटर पाण्यात विरघळवून ओल्या मातीत मुळांच्या पट्ट्यात ओता. पाणी गडद तांबडं होतं, फरशीवर डाग पडतात. फेब्रुवारी, मे आणि सप्टेंबर अशा तीन मात्रा पुरतात. जस्तासाठी लिटरला ५ ग्रॅम झिंक सल्फेट आणि २.५ ग्रॅम विरलेला चुना एकत्र करून नव्या पालवीवर संध्याकाळी फवारा. पानांवरच्या फवाऱ्यात चुना घालायचा तो पान भाजू नये म्हणून, मातीतल्या चुन्याशी त्याचा संबंध नाही.

कुंडीत हा प्रश्न निम्म्याने सुटतो, कारण माती आपल्या हातात असते. २० ते २४ इंची पिशवी किंवा अर्धा ड्रम घ्या. चार भाग लाल माती, तीन भाग मुरलेलं शेणखत किंवा गांडूळखत, दोन भाग कोकोपीट, एक भाग जाड वाळू असं मिश्रण करा. पाणी मात्र जपून. कुंडीच्या कडेला पांढरा थर दिसू लागला तर क्षार साठताहेत, आणि करमरीला खारटपणा अजिबात सोसत नाही. आरओ यंत्राचं वाया जाणारं पाणी झाडांना घालण्याची पद्धत पडली आहे. त्यात मूळ पाण्यापेक्षा जास्त क्षार असतात, ते या झाडाला नको. एसीचं गळणारं पाणी किंवा साठवलेलं पावसाचं पाणी उत्तम. महिन्यातून एकदा कुंडीच्या आकारमानाइतकं गोडं पाणी सावकाश ओतून खालून वाहू द्या, साठलेले क्षार त्याबरोबर निघून जातात.

वारा आणि पाणी

करमर वाऱ्याला भिते. आंब्याच्या, चिकूच्या पानाला जे जाणवणार नाही ते हिच्या नाजूक पर्णिकांना सोसत नाही. सतत वाऱ्यात झाड खुजं राहतं, पानं झडतात, फुलं वाळतात, फळांच्या धारा एकमेकांवर घासून तपकिरी होतात. उंच इमारतीच्या गच्चीवर सगळं नीट करूनही फळ नसेल तर बऱ्याचदा एवढंच कारण असतं. पश्चिम आणि नैर्ऋत्येला ५० टक्के शेडनेटची उभी भिंत करा, झाडापेक्षा हातभर उंच. डोक्यावर नेट नको, फुलोऱ्याला ऊन लागतंच. दिवसाचे सहा तास तरी. अपवाद फक्त एप्रिल-मेचा, जिथे पारा चाळिशी ओलांडतो तिथे दुपारची तिरीप अडवावी.

पाण्याच्या बाबतीत एक चूक मुद्दाम केली जाते. डाळिंब आणि संत्र्याला ताण देऊन बहार धरणारे हात करमरीचंही पाणी तोडतात. तिची मुळं उथळ, ताण बसला की पानं मिटून लोंबतात, मग झडतात आणि फुलोरा लांबतो. हातात आलेली फळंही जातात. म्हणून ताण नको, ओलावा सारखा हवा. पाच वर्षांच्या झाडाला उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांआड ४० ते ५० लिटर, मोठ्या कुंडीला रोज ६ ते ८ लिटर. हा अंदाज, बोट दोन पेरं खाली घालून ओल बघणं जास्त खरं. पालापाचोळ्याचं चार बोटं जाड आच्छादन घाला, पण ते खोडाला टेकवू नका. पर्णिका रात्री मिटतात, तो झाडाचा स्वभाव आहे. त्या सकाळी दहालाही मिटलेल्या दिसल्या तर पाणी कमी पडतंय किंवा ऊन जास्त होतंय.

फूलच येत नसेल तर

झाड हिरवंगार, उंच आणि फुलाचा पत्ता नाही, असं असेल तर बहुतेक वेळा नत्र जास्त झालेलं असतं किंवा सावली. युरिया थांबवा. तीन ते पाच वर्षांच्या झाडाला वर्षाला २० किलो शेणखत आणि ६०० ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट जूनमध्ये. शिवाय २५० ग्रॅम अमोनियम सल्फेट आणि १०० ग्रॅम सल्फेट ऑफ पोटॅश, असं वर्षातून चारदा. अमोनियम सल्फेट सुचवण्याचं कारण ते माती थोडी आम्ल करतं. पोटॅश मात्र म्युरिएट प्रकारचं नको, त्यात क्लोराईड असतं आणि खारटपणा हिला सोसत नाही.

मग छाटणी. करमरीला फुलं पानांच्या बगलेत, बारीक डहाळ्यांवर आणि जुन्या जाड फांद्यांवरही येतात. फांदीचं टोक तोडलं की झाड त्या जागी फुलाचे डोळे जागे करतं. पेन्सिलएवढ्या जाड, पोसलेल्या डहाळ्या निवडा, शेवटचे १५ सेंटिमीटर कापा आणि मागच्या हातभर भागातली पानं हाताने काढून टाका. साधारण तीन ते चार आठवड्यांत तिथे झुबके दिसतात, फळ धरल्यापासून तयार व्हायला पुढे ६० ते ७५ दिवस. ऑगस्टअखेर छाटलं तर डिसेंबरच्या सुमारास फळ हाती येतं. घाटावर हीच वेळ बरी, कारण फेब्रुवारीतल्या छाटणीची फळं नेमकी वैशाखाच्या झळांत सापडतात. एका वेळी तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त डहाळ्यांना हात लावू नका. आतल्या, सावलीतल्या बारीक फांद्या साफ करण्याचा मोहही टाळा, चांगली फळं तिथेच वाऱ्यापासून सुरक्षित पोसतात. सरळ आभाळाकडे निघालेले सोट काढा आणि झाड आठ-नऊ फुटांवर रोखा.

पिकत आलेलं फळ सडतं

फळावर सुईने टोचल्यासारखा ठिपका, त्याभोवती पाणचट डाग, कापलं की अळ्या : ही फळमाशी. अळी आत शिरल्यावर कोणताही फवारा तिच्यापर्यंत पोचत नाही. फळ बोटभर लांब आणि पक्कं हिरवं असतानाच कागदी किंवा न विणलेल्या कापडाची पिशवी चढवा, तोंड देठाशी घट्ट बांधा. प्लॅस्टिक नको, आत पाणी सुटून फळ कुजतं. पिशवी घालण्याआधी झुबक्यात एक-दोनच फळं ठेवली तर तीही मोठी होतात. मिथाईल युजेनॉल या माशीला ओढणाऱ्या द्रव्याचे सापळे, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा ‘रक्षक’ त्यातलाच, उपयोगी आहेत. पण त्यात फक्त नर अडकतात. एकट्या गच्चीवर एक सापळा टांगून मादी अंडी घालायची थांबत नाही. आजूबाजूच्या घरांनीही लावले तर फरक दिसतो. सापळा झाडात न टांगता चार-पाच मीटर दूर टांगा. पडलेली फळं रोज उचला आणि काळ्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर कडक उन्हात ठेवा. ती कंपोस्टच्या डब्यात टाकली तर पुढची पिढी तुम्हीच पोसताय.

फळ निम्म्याहून जास्त पिवळं झाल्यावरच तोडा. तोडल्यावर रंग चढतो, गोडी वाढत नाही. झाडावर पूर्ण पिकूनही आंबट लागलं तर जातच आंबट आहे, खतं-औषधांनी ती गोड होणार नाही. लोणचं, सार, चटणी करा, पितळेची भांडी घासा, नाहीतर फांद्यांवर गोड जातीची कलमं बांधा.

वाटण्याआधी एक विचारा

मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना, विशेषतः डायलिसिसवर असलेल्यांना करमर देऊ नका, अर्ध फळही नाही. या फळात मूत्रपिंडाला त्रास देणारं ऑक्झलेट भरपूर असतं, शिवाय मेंदूवर परिणाम करणारं एक द्रव्य असतं. ब्राझीलच्या संशोधकांनी २०१३ साली ते ओळखून त्याला कॅरॅम्बॉक्सिन नाव दिलं. निरोगी मूत्रपिंड ते बाहेर टाकतं, आजारी मूत्रपिंडाला ते जमत नाही. न थांबणारी उचकी, उलट्या, गोंधळल्यासारखं बोलणं, झटके अशी लक्षणं काही तासांत दिसू शकतात आणि माणूस दगावूही शकतो. निरोगी माणसानेही उपाशीपोटी पेलाभर आंबट रस पिऊ नये. विकार असलेल्या कुणी चुकून खाल्लीच तर लक्षणांची वाट न पाहता रुग्णालय गाठा आणि करमर खाल्ल्याचं डॉक्टरांना आधी सांगा. उपचार म्हणून तातडीने डायलिसिस लागू शकतं.